हसणे मान्य केले

"आता नीट ऐक," मुलगी म्हणाली आणि तिने ते हसू सातव्यांदा लावलं.

टाइपबाई, म्हणजे तिची आई, मटार सोलत होत्या. टेबलाच्या त्यांच्या बाजूला शेंगांचा ढीग होता, मुलीच्या बाजूला लॅपटॉप आणि मधल्या मोकळ्या जागेत मुलीचे वडील चष्मा पुसत बसले होते. लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवे डोंगर उमटत होते. आधी एक टेकाड, मग चढ, मग भलताच उंच सुळका आणि त्यानंतर एकामागून एक बसत गेलेले उंचवटे. ही त्या हसण्याची आकृती होती. लांबी एकोणीस सेकंद.

"हा सुळका बघ. इथे ती श्वाससुद्धा घेत नाही. व्यवस्थेला धाप लागते, तिला लागत नाही. असं लिहिलंय मी."

"छान लिहिलंयस," टाइपबाई म्हणाल्या आणि टेबलाखाली पडलेला दाणा शोधायला वाकल्या. दाणा लगेच सापडला. त्या जरा वेळाने वर आल्या.

मुलगी कॉलेजात शिकवत होती आणि गेली चार वर्षं एका कॅसेटवर प्रबंध लिहीत होती. कॅसेटमध्ये आठ गाणी होती. म्हणजे गाण्याला सहा महिने, असा हिशेब तिच्या वडिलांनी मांडला होता. ते पाणीखात्यात मीटर वाचायचे, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा दर काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

कॅसेटचं नाव 'कडी काढ'. चाळीस वर्षांपूर्वी दोन तरुण बायकांनी ती काढली होती. त्यांची ती पहिली कॅसेट, आणि नंतर जे काही झालं त्यामुळे शेवटचीही. दोघी बहिणी नव्हत्या, पण एक उंच आणि एक ठेंगणी म्हणून लोक त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला लागले. शीर्षकगीतात एका बाईच्या खोलीचं दार बंद आहे, बाहेरून कोणीतरी 'कडी काढ, कडी काढ' म्हणतोय आणि ती आतून उत्तर देते:

मी उघडीन तेव्हा उघडीन,
तुझ्या घड्याळाची घाई मला नाही.

एवढंच. तिसऱ्या कडव्यानंतर एक बाई एकोणीस सेकंद हसते आणि गाणं संपतं. लोकांनी गाण्यातले पहिले दोन शब्द घेतले, शेवटची एकोणीस सेकंदं घेतली आणि मधलं सगळं ताटाखाली सारलं. रेडिओने कॅसेट न ऐकताच तिच्यावर बंदी घातली. एका गृहस्थांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवलं की आपण ही कॅसेट ऐकलेली नाही, ऐकणारही नाही, मात्र दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं पहिल्याहूनही हीन आहे. दुकानदार ती 'पाठदुखीवर बारा व्यायाम' अशा वेष्टनात घालून विकू लागले आणि त्या वर्षी शहरातल्या निम्म्या घरांत पाठदुखी निघाली. मुलींनी थोरलीसारखे कानापर्यंत केस कापले. सुतारांकडे आतून कड्या बसवायची कामं वाढली, तशीच आतल्या कड्या काढून टाकायचीही वाढली. पुष्कळदा दोन्ही गिऱ्हाइकं एकाच घरातली असायची.

आता तीच कॅसेट अभ्यासाला लागली होती. चाळिसाव्या वर्षानिमित्त मुलीच्या कॉलेजने चर्चासत्र ठेवलं होतं. धाकटी लग्न करून लांब गेली होती आणि आठ वर्षांपूर्वी तिकडेच वारली. थोरली यायला कबूल झाली होती. आणि मुलीच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण, जे ती त्या दिवशी वाचून दाखवणार होती, ते सबंधच्या सबंध त्या हसण्यावर होतं. 'हास्य हेच हत्यार : एका श्वासाचे राजकारण.' पृष्ठं चोपन्न.

"आणि आता तुझी गंमत," मुलगी म्हणाली. तिने पिशवीतून एक पारदर्शक पाकीट काढलं. आत एक पिवळा पडलेला कागद होता. "तुझ्या शाळेच्या माळ्यावर मिळालं. ओळखतेस?"

टाइपबाईंनी हात पुसले. कागद ओळखायला वाचावा लागला नाही. शाळेच्या टाइपरायटरचा 'स' अर्धा ओळीच्या वर बसायचा.

शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या सभेचं ते इतिवृत्त होतं. थोरली त्या शाळेत गाणं शिकवायची. कॅसेट आल्यावर समितीने तिला बोलावून जाब विचारला, त्याची नोंद. पाचवा ठराव असा होता: 'सदर शिक्षिकेस ध्वनिफितीतील हसण्याबाबत विचारणा केली असता त्यांनी ते हसणे मान्य केले.' सहाव्या ठरावाने तिला कामावरून कमी केलं होतं. डाव्या कोपऱ्यात, टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात तिथे, टाइपबाईंची माहेरची अक्षरं होती.

"तू त्या खोलीत होतीस, आई. चाळीस वर्षांत एकदाही बोलली नाहीस."

"मी कोपऱ्यात होते. इतिवृत्त लिहायला."

"तेच तर. त्या खोलीतलं आता कोणी उरलं नाही. त्या आणि तू, दोघीच. मी तुझं नाव कार्यक्रमात घातलंय. दोन मिनिटं बोल फक्त. त्यांनी 'हो, माझं आहे' म्हटलं तेव्हा खोलीत काय होतं, एवढंच सांग."

वडिलांनी चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. टाइपिंग फार स्वच्छ आहे, असं ते म्हणाले.

कॅसेट ध्वनिमुद्रित झाली तेव्हा टाइपबाई वीस वर्षांच्या होत्या आणि पहिली नोकरी ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत करत होत्या. त्यांचं खरं नाव तिथेच मागे पडलं. ध्वनिमुद्रक म्हणून जे अवाढव्य, गंभीर गृहस्थ होते ते त्यांना टाइपबाई म्हणत आणि थोरली नुसतंच 'टाइप' म्हणायची. गाण्याचे कागद टाइप करणं, भांडाराकडे मागणीपत्रं पाठवणं आणि हसणं ही त्यांची तीन कामं होती. तिसऱ्याचा पगार नव्हता, पण ते त्या सर्वांत मन लावून करत. दाराबाहेरून कोणी शिंकलं तरी त्यांना पुरत असे.

ज्या दिवशी 'कडी काढ' मुद्रित झालं त्या दिवशी उकाड्याने कहर केला होता. मुद्रण चालू असताना पंखा लावायची सोय नव्हती, कारण पंख्याचा आवाज येई. म्हणून थोरली आणि धाकटी पाण्याच्या बादल्यांत पाय सोडून गात होत्या आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रकही बादलीत पाय घालून बसले होते. स्टुडिओच्या दारावर लाल दिवा असायचा. तो लागला की आत जायचं नाही. तो दोन दिवसांपूर्वी उडाला होता. 'लाल बल्ब, नग एक' असं मागणीपत्र टाइपबाईंनी लगेच टाइप केलं होतं आणि लगेच स्वतःच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं. ते तिथेच होतं.

तेव्हा चौथ्या गाण्याचे कागद घेऊन त्या सरळ आत शिरल्या. तिसरं कडवं संपत होतं. त्यांना पाहून ध्वनिमुद्रक हात हलवत उठले, बाहेर जा म्हणून. उजवा पाय बादलीतून निघाला. डावा निघाला नाही. बादलीसकट ते काचेपर्यंत आले आणि तोंडावर बोट ठेवून, शांत राहा, अशी खूण करत उभे राहिले. पाणी हळूहळू त्यांच्या पायजम्यात चढत होतं.

टाइपबाई एकोणीस सेकंद हसल्या. व्यवस्थेचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता.

ध्वनिमुद्रकांनी नंतर ते ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि बादलीतून पाय सोडवता सोडवता म्हणाले की हे कापणार नाही, असं पुन्हा मिळायचं नाही. थोरलीने विचारलं, "टाइप, राहू दे का गं?" टाइपबाईंनी जोरात मान डोलावली. वेष्टनावरच्या नावांच्या यादीत शेवटची ओळ त्यांनी स्वतः टाइप केली: 'हसणे', आणि पुढे स्वतःचं नाव. ते त्यांनी दोन वेळा टाइप केलं.

पुढच्या दोन महिन्यांत बऱ्याच गोष्टी झाल्या. स्टुडिओची नोकरी कच्ची होती म्हणून थोरलीनेच सांगितलं, आमच्या शाळेत टायपिस्ट हवी आहे, अर्ज कर, मी शब्द टाकते. नोकरी लागली. पाठोपाठ पाणीखात्यातलं स्थळ आलं आणि लग्न ठरलं. तेव्हा टाइपबाईंनी एका मधल्या सुट्टीत थोरलीला गाण्याच्या वर्गात गाठलं आणि म्हणाल्या की माझं नाव तेवढं काढा, घरचे काय म्हणतील. थोरलीने त्यांच्यासमोर ती ओळ खोडली आणि म्हणाली, "नाही येणार तुझं नाव. शब्द दिला."

मग कॅसेट आली.

साखरपुडा झाल्यावर एकदा बागेत फिरताना होणाऱ्या नवऱ्याने विचारलं, ती कॅसेट तुम्ही ऐकलेली नाही ना? त्या नाही म्हणाल्या. बरं केलंत, ते म्हणाले, ते शेवटचं हसणं चांगल्या घरातल्या बाईचं नाही. त्यांनी स्वतः ती अकरा वेळा ऐकली होती. त्या दिवसापासून टाइपबाई तोंड मिटून हसू लागल्या. सुरुवातीला रुमाल लागायचा, पुढे रुमालाचीही गरज राहिली नाही. आमच्या हिला विनोद कळत नाही, असं नवरा पाहुण्यांना सांगायचा आणि त्यात तक्रार नसायची. चहात साखर कमी लागते, तसं ते एक होतं.

सभा झाली ती लग्नाच्या तीन आठवडे आधी. समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. कॅसेट त्यांनी अभ्यास म्हणून ऐकली होती आणि त्यांचं मत असं होतं की हे हसणं तोंड पूर्ण उघडून हसलेलं आहे, दाढा दिसल्याशिवाय असा आवाज निघत नाही. गाण्याकडे आपण एक वेळ तरुणपणातली चूक म्हणून पाहू, ते म्हणाले, पण हे हसणं कुणाचं ते समितीला कळलं पाहिजे.

थोरलीने लगेच उत्तर दिलं नाही. तिने कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाकडे पाहिलं. टाइपबाईंनी वहीत तारीख लिहायला घेतली. ती लिहिलेलीच होती, म्हणून त्यांनी तिच्याखाली रेघ मारली. मग त्या रेघेखाली आणखी एक मारली.

"माझं," थोरली म्हणाली.

डॉक्टरांनी लिहून घ्या म्हणून खूण केली. तेव्हा टाइपबाईंनी त्या सभेतलं आपलं एकमेव वाक्य उच्चारलं.

"सर, 'हसणे' लिहू की 'हास्य'?"

"हसणेच लिहा," डॉक्टर म्हणाले. "हास्य म्हणजे जरा बरं वाटतं."

एक मूळ आणि दोन कार्बन प्रती झाल्या.

पुढच्याच आठवड्यात मुलींच्या स्वच्छतागृहात तीन मुली आतून कडी लावून 'कडी काढ' म्हणताना सापडल्या. तेव्हा स्वच्छतागृहांच्या आतल्या सर्व कड्या काढण्यात येत आहेत असं परिपत्रक निघालं. तेही टाइपबाईंनीच टाइप केलं. शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची कडी शाबूत होती आणि कार्यालयाची गणना शिक्षकांत होई. मुलींच्या बाजूला चार-चार भोकं राहिली. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर उभी राहून दार पावलाने धरायची. मधल्या सुट्टीत हात डब्यात गुंतलेले असत. बावीस वर्षांनी इमारतीचं नूतनीकरण झालं तेव्हा कड्या पुन्हा लागल्या. तोवर टाइपबाई मुख्य लिपिक झाल्या होत्या. कड्यांचं मागणीपत्र त्यांच्या टेबलावरून केव्हाही जाऊ शकलं असतं. ते त्यांनी दोनदा टाइपही केलं होतं.

थोरलीला त्यानंतर कुठल्या शाळेने घेतलं नाही. ती दुसऱ्या शहरात गेली आणि टेलिफोन कंपनीत लागली. पंचवीस वर्षं 'आपण फिरवलेला क्रमांक कृपया तपासून पाहा' हा जो आवाज होता, तो तिचा. ज्यांनी तिला काढलं त्यांनी तो आवाज रोज ऐकला आणि निमूटपणे क्रमांक तपासला. टाइपबाईंनी तो पहिल्या शब्दाला ओळखला होता. काही वर्षं त्या अधूनमधून मुद्दाम चुकीचा क्रमांक फिरवत आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत रिसीव्हर कानाला धरून ठेवत.

चर्चासत्राच्या सकाळी त्यांनी एका चिठ्ठीवर तीन वाक्यं लिहिली. ते हसणं माझं होतं. त्यांनी मला दिलेला शब्द पाळला. मी गप्प बसले. चिठ्ठी पर्समध्ये ठेवून त्या बाथरूममध्ये गेल्या, नळ सोडला आणि ती वाक्यं म्हणून पाहिली. नवऱ्याने बाहेरून ओरडून विचारलं की किती वेळ पाणी वाहतंय.

सभागृह भरलं होतं. चहापानाचा खर्च दारं-खिडक्या बनवणाऱ्या एका कंपनीने उचलला होता आणि तिचं बोधचिन्ह भिंतीभिंतीवर होतं. थोरली पहिल्या रांगेत बसली होती. केस अजून कानापर्यंतच, पण पांढरेशुभ्र. अंगाने भरली होती, हातात काठी होती, उजव्या कानात यंत्र. टाइपबाई दुसऱ्या रांगेत, तिच्या अगदी मागच्या खुर्चीवर. नमस्कार करावा की खांद्याला हात लावावा हे त्यांना ठरवता येईना, तेवढ्यात कार्यक्रम सुरू झाला.

मुलगी छान बोलली. चोपन्न पानं तिने पस्तीस मिनिटांत बसवली. मग दिवे मंद झाले, पडद्यावर हिरवे डोंगर आले आणि चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून ते हसू सुटलं. खुर्चीचे हात थरथरले. टाइपबाई मान खाली घालून बसल्या. समोर थोरलीने कानातलं यंत्र काढलं आणि मुठीत धरलं. हसू संपून टाळ्या सुरू झाल्यावर ते पुन्हा कानात घातलं.

नवरा कुजबुजला, "आम्ही मीटरवाले पैजा लावायचो. थोरली की धाकटी. मी थोरलीवर लावली होती. बघ."

मग मुलीने आईचं नाव पुकारलं. टाइपबाई व्यासपीठावर गेल्या. पर्स खुर्चीवरच राहिली होती, पण तीन वाक्यं पाठ होती. समोर दोनशे माणसं होती, त्यांत विद्यापीठातून आलेले मुलीचे मार्गदर्शक, त्यांच्या मांडीवर चौथं प्रकरण, आणि मुलगी शेजारी उभी. वर्गात पहिला नंबर आला की ती अशीच उभी राहायची, टाचा किंचित उचलून.

"त्या क्षणी त्या खोलीत काय होतं?" मुलीने विचारलं.

"खोलीत पंखा होता," टाइपबाई म्हणाल्या.

लोक थांबले.

"आणि त्यांचा आवाज?"

थोरली त्यांच्याकडे पाहत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. ती वाट पाहत होती, इतकंच. टाइपबाईंनी ध्वनिक्षेपकाच्या दांड्यावर नखाने एक आडवी रेघ मारली.

"ताठ होता," त्या म्हणाल्या. "आवाज अगदी ताठ होता."

टाळ्या पडल्या. खाली येताना त्यांना पायऱ्या मोजाव्या लागल्या. कान इतके तापले होते की कोणीतरी बोट लावून पाहील असं वाटत होतं. नवऱ्याने पर्स त्यांच्या हातात दिली आणि थोडक्यात छान बोललीस म्हणाला.

त्या थेट स्वच्छतागृहाकडे गेल्या. आत तीन दारं होती. दोन कुलूपबंद, तिसरं लोटलेलं. त्याच्या मागून काठी टेकल्याचा आवाज आला.

"कोण आहे बाहेर? जरा दार धरता का? कडी नाहीये याला."

कडीच्या जागी खरंच चार भोकं होती. बाहेर भिंतीवर दारं-खिडक्यांच्या कंपनीचं बोधचिन्ह होतं.

"धरते," टाइपबाई म्हणाल्या आणि दाराला तळहात लावला.

आत काठी पुन्हा एकदा फरशीवर टेकली.

"टाइप?"

"हो."

"तुझा आवाज बारीक झालाय."

टाइपबाईंनी दाराकडे तोंड केलं. दारावर रंगाचा एक ओघळ सुकला होता. माणसाचा चेहरा समोर नसला की बोलणं सोपं जातं, असं त्यांना नेहमी वाटायचं. ते खरं नव्हतं.

"तुम्ही का म्हणालात 'माझं'?" त्यांनी विचारलं.

"शब्द दिला होता ना तुला. तो मी कसा मोडणार? मोडायचा तर तू मोडायचास." आतून पाण्याचा आवाज आला, थांबला. "तू पहिली रेघ मारलीस तेव्हा वाटलं, आता वर बघशील. म्हणून थांबले मी. मग तू दुसरी मारलीस. म्हटलं, बरं, मी 'माझं' म्हटल्यावर तरी उठेल. तर तू विचारलंस, हसणे लिहू की हास्य."

चाळीस वर्षं टाइपबाईंनी स्वतःला सांगितलं होतं की थोरलीने आपल्याला वाचवलं. उपकार म्हणून ती गोष्ट कशीबशी पोटात ठेवता येत होती. थोरली त्यांच्यासाठी थांबली होती, वाट पाहत होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

"आजही तसंच वाटलं मला," थोरली म्हणाली. "पंखा होता म्हणालीस तेव्हा. म्हटलं, सुरुवात तर बरी केली."

"मला माफ करा असं म्हणायचं तोंड नाही मला."

"नकोच म्हणू. इथे तर नकोच. दार धर." मग बऱ्याच वेळाने, वेगळ्या आवाजात, "बादली डाव्या पायात होती ना गं त्याच्या?"

"डाव्या."

"आणि तशीच घेऊन काचेपर्यंत आला."

"आणि वर आपल्यालाच म्हणतोय, आवाज करू नका."

आतून थोरली हसली. जुनी खुर्ची फरशीवरून ओढावी तसं, कोरडं, दोन तुकड्यांत तुटलेलं हसू. मागून दाराचा आवाज आला म्हणून टाइपबाई वळल्या. मुलगी उंबऱ्यात उभी होती. फोटोसाठी सगळे खोळंबलेत, हे सांगायला आली होती, पण ते तिने सांगितलं नाही. चार वर्षं तिने एकच हसू ऐकलं होतं. त्यातला कुठला श्वास कुठे पडतो हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

"आत कोण आहे?"

"त्या आहेत."

"आत्ता हसल्या त्या?"

"हो."

"त्यांचं हसू असं आहे?"

"पहिल्यापासून असंच आहे."

मुलगी दाराकडे पाहत राहिली. मग तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिची नजर आईच्या मिटलेल्या ओठांवर थांबली. टाइपबाईंना वाटलं, आता ती विचारेल आणि मग आपल्याला नुसतं हो म्हणता येईल. मुलीने विचारलं नाही. तिच्या टाचा जमिनीला टेकलेल्या होत्या.

"इतिवृत्त चुकलंय," टाइपबाई म्हणाल्या. "ते हसणं माझं होतं. टाइपही मीच केलं."

हातातले कागद मुलीने छातीशी धरले, मग खाली केले, मग बेसिनच्या कडेवर ठेवायला गेली आणि कड ओली दिसल्यावर पुन्हा हातात घेतले.

"टाइप," आतून आवाज आला, "धरलंयस ना?"

"धरलंय."

तळहात घामाने सरकायला लागला होता. टाइपबाईंनी पर्स दुसऱ्या हातात घेतली, उजवी चप्पल पुढे केली आणि दार पावलाने धरलं, शाळेतल्या मुली धरायच्या तसं.